विश्लेषण : नावे खोटी हवीत, पण मराठी वळणाची!

देवबागमधल्या एखाद्या होमस्टेसाठी बुकिंगचे अ‍ॅप तयार होते, तेव्हा चाचणीसाठी शे-दोनशे पाहुण्यांच्या नोंदी लागतात. सोपा मार्ग म्हणजे गेल्या मोसमातल्या खऱ्या पाहुण्यांची नावे, फोन आणि आधारच्या प्रती डेव्हलपरकडे सोपवणे. नेमके हेच करू नये. पाहुण्याने माहिती दिली ती खोलीसाठी, अ‍ॅप तपासायला नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे.

मग नावे आणायची कुठून? पायथॉन भाषेत त्यासाठी ‘फेकर’ नावाची लायब्ररी फुकट मिळते. (मराठी कानाला हे नाव भलतेच चपखल वाटेल!) तिच्यात जादू काही नाही. आत नावांची एक यादी, आडनावांची दुसरी. संगणक दोन्हींतून एकेक उचलून जोडी लावतो. वीस नावे आणि वीस आडनावे असली तरी ४०० जोड्या होतात. ‘सीड’ म्हणून एक आकडा ठरवून दिला, की दरवेळी तीच नावे त्याच क्रमाने येतात; सापडलेली चूक पुन्हा पाहता येते.

खरी अडचण पुढे आहे. ‘जॉन स्मिथ’वर तपासलेला फॉर्म मालवणच्या किनाऱ्यावर टिकेलच असे नाही. मराठी नावात वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये येते. त्यात २०२४ च्या राज्य सरकारच्या निर्णयानुसार, १ मे २०१४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नावही आले. म्हणजे चार पदे. शिवाय ‘चोपडेकर’ डोळ्यांना पाच अक्षरांचे दिसते. युनिकोडमध्ये काना-मात्रा वेगळ्या धरून ती सात चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. वीस बाइटची मर्यादा घातलेल्या रकान्यात हे आडनाव मावणारच नाही.

म्हणून तयार यादीवर विसंबण्यापेक्षा स्वतःची जोडावी; फेकरमध्ये तशी सोय आहे. तांडेल, सारंग, केळुसकर, फर्नांडिस अशी किनाऱ्यावरची आडनावे देवनागरीत आणि रोमनमध्येही टाकावीत. तासाभराचे काम आहे.

फोन क्रमांकांचे मात्र जपून. वाटेल तसे दहा आकडे जुळवले, तर तो नंबर खऱ्याच कुणाचा तरी निघू शकतो. चाचणीपुरते एसएमएस बंद ठेवावेत. नाहीतर देवबागची खोली पक्की झाल्याचा निरोप मध्यरात्री नागपुरातल्या कुणा अनोळखी माणसाला जायचा.