ताप घेऊन पंगतीत बसणाऱ्यांनो (मीही त्यातलाच)

मंडळी, सराफ्यातले गराडू, रामबागेतले वाडे, गणपतीतली नाटकं, यावर मीही इथे पुष्कळ गोड लिहिलं आहे. आज कडू लिहितो. राग आला तर येऊ द्या.

परवा आमची ही एका हळदीकुंकवाला जाऊन आली. यजमानीणबाईंना दोन दिवसांपासून ताप, आवाज बसलेला, मध्येच तोंडावर हात धरून खोकायचं आणि त्याच हाताने तिळगूळ द्यायचा. वर म्हणे, "गोळी घेतली न, आता काही नाही. इतक्या जणींना बोलावून ठेवलं, कॅन्सल कसं करणार?" जमलेल्या सगळ्या म्हणाल्या, काय हिंमत आहे हो तुमची!

कसली हिंमत? ताप तुमचा, कौतुक तुमचं आणि निमोनिया शेजारच्या आजींना. गोळीने ताप उतरतो, संसर्ग उतरत नाही. फ्लूचा माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस दुसऱ्याला आजार देऊ शकतो, आणि सगळ्यात जास्त देतो ते पहिल्या तीन-चार दिवसांत. म्हणजे नेमके ते दिवस, जेव्हा आपण गोळी खाऊन, इस्त्रीचा सदरा घालून लोकांत मिरवतो.

हे मला कसं माहीत? मी केलंय म्हणून.

काकांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मी तेव्हा भोपाळला नोकरीला. आदल्या रात्री अंग तापलं, सकाळी पॅरासिटॅमॉल घेतली आणि बसमध्ये बसलो. चार तास खोकत आलो, खिडकी बंद. (त्या बसमधल्या लोकांचं काय झालं ते देव जाणे.) काकांच्या पाया पडलो, मिठी मारली, आपल्या हाताने पेढा भरवला. न जावं तर कसं? पुतण्या असून आला नाही, असं रामबागेत चार तोंडांनी म्हटलं असतं.

पाचव्या दिवशी काकांना धाप लागली. अकरा दिवस दवाखान्यात, त्यातले तीन ऑक्सिजनवर. परत आले, पण रोज सकाळी राजवाड्यापर्यंत चालत जाणारा माणूस पुढे अंगणातल्या खुर्चीपर्यंतच चालला. माझ्याकडूनच लागलं का? सिद्ध करता येणार नाही. डॉक्टरांनी कुणाचं नाव घेतलं नाही. मी घेतो.

आणि काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हा अंगात ताप असून आला हो माझ्यासाठी!"

आता कुणी म्हणेल, दूर बसणं-बसवणं आपल्या संस्कृतीत नाही. अहो, दूर बसवण्यात तर आपण उस्ताद! आमच्या घरी आईला महिन्याचे चार दिवस कोपऱ्यात बसवत. वेगळं ताट, वेगळी चटई. तिच्यापासून कुणाला काही होणार नव्हतं. आणि त्याच घरात धाकटे आजोबा महिनोन् महिने खोकत पंगतीत मधोमध बसत, त्यांच्या पेल्यातलं पाणी आम्ही पोरं पीत असू. सुतक आलं की दहा दिवस आपण देवळाची पायरी चढत नाही. तापात चार दिवस लोकांत जायचं नाही म्हटलं की लगेच, "खामखा घाबरवून राहिले!"

२२ मार्च २०२० आठवतो न? घरात बसायचा दिवस, आणि संध्याकाळी आपल्याच राजवाड्यावर थाळ्या वाजवत गर्दी. पुढचे महिने इंदूरने कसे काढले ते सांगायला नको. त्या गर्दीमुळेच सगळं झालं असं मी म्हणत नाही. पण इतकं पाहून आपण शिकलो काय?

करायचं फार नाही हो. आजारी असाल तर घरी राहा. गोळी न घेता २४ तास ताप आला नाही आणि बरं वाटू लागलं, की बाहेर पडा. पुढचे पाच-एक दिवस लोकांत मास्क लावा. खोकताना कोपर तोंडाशी धरा, तळहात नव्हे. खोलीची खिडकी उघडा, थंडी असली तरी. घरात तान्हं बाळ, गरोदर सून किंवा सत्तरीपुढचं कुणी असेल तर निजायची खोली वेगळी. मेडिकलवाल्याकडून उरलेसुरले अँटिबायोटिक आणू नका, व्हायरसवर त्याचा उपयोग नाही. धाप लागली, छातीत दुखलं, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर काढा उकळत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासा, सरकारी दवाखान्यात फुकट होते. टीबीची लाज बाळगून आपल्या कितीतरी घरांत माणसं गेली आहेत, आमच्याही.

एक राहिलंच. कामाला येणारी बाई तापात आली तर आपण नाक मुरडतो आणि नाही आली तर खाडा कापतो. मग ती येणारच. तिचे पैसे कापू नका, मग तिला घरी राहा सांगा.

रविवारी आमच्या भाच्याचा साखरपुडा आहे. मला कालपासून ताप आहे. ताईला फोन केला, ती दहा मिनिटं रुसली, मग म्हणाली, "मामाशिवाय कसा रे साखरपुडा?" मी म्हटलं, व्हिडिओवर बघतो, श्रीखंडाचा डबा दाराबाहेर ठेव, बेल वाजव आणि जा. अजून तिचा 'हो' आलेला नाही.