पदवी मिळेल, पण पुढची पायरी आहे का?

बारावीचा आणि डिप्लोमाचा निकाल लागला की विहारात, वसतिगृहात आणि कार्यकर्त्यांच्या फोनवर एकच प्रश्न येतो : आता पुढे काय? अलीकडे हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांच्या हातात रंगीत माहितीपत्रके असतात. त्यांवर नेहमीचे बी.ई. किंवा बी.टेक. नसते. बी.व्होक., अप्रेंटिसशिपसह पदवी, उत्पादन तंत्रज्ञान, इंडस्ट्रियल मॅनेजमेंट, टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट अशी नावे असतात. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते : शिका आणि कमवा.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. तंत्रज्ञान आणि व्यवस्थापन एकत्र शिकवणाऱ्या या पदव्या टाकाऊ नाहीत. आपल्या अनेक मुलांना त्या उपयोगी पडू शकतात. पण पुढच्या शिक्षणाचा रस्ता, शिष्यवृत्ती आणि आरक्षण या तीन गोष्टी सोबत नसतील, तर तीच पदवी आपल्या मुलांना कारखान्याच्या खालच्या मजल्यावर अडकवून ठेवेल.

या पदव्यांची गरज कोणाला आहे?

नेहमीच्या अभियांत्रिकीत गणित, सिद्धांत आणि रचना यांवर भर असतो. उपयोजित अभ्यासक्रमात यंत्र बसवणे, चालवणे, त्याची देखभाल आणि मालाची गुणवत्ता तपासणे यांवर असतो. त्याला व्यवस्थापन जोडले की उत्पादनाचे नियोजन, कच्च्या मालाचा साठा, खर्चाचा हिशेब, सुरक्षितता आणि माणसांना काम वाटून देणे हे विषय येतात.

आपल्या समाजातली हजारो मुले आयटीआय, मग डिप्लोमा, मग जमले तर थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकी या वाटेने गेली आहेत. बरीच मधेच थांबली, कारण घर चालवायचे होते. चाकण, वाळूज, बुटीबोरीच्या कंपन्यांत असे लोक भेटतात. पंधरा-वीस वर्षांच्या अनुभवावर नुसत्या आवाजावरून मशीनचा बिघाड सांगतील, पण हुद्दा सुपरवायझरच्या पुढे सरकत नाही. कालपरवा आलेला पदवीधर त्यांच्याकडूनच काम शिकतो आणि दोन वर्षांनी त्यांचा साहेब होतो. इथे कमी पडते ती पदवी, आणि हिशेब-नियोजनाची भाषा. ती देणारा अभ्यासक्रम असेल तर तो आपल्याला हवाच आहे.

सरकारी पातळीवर याची सुरुवात झालेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये बी.व्होक.ची योजना आणली. २०२० मध्ये अप्रेंटिसशिप जोडलेल्या पदवीची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२५ मध्ये ती नव्याने आणली. २०२३ मध्ये एआयसीटीईने नोकरी करणाऱ्या डिप्लोमाधारकांना सोयीच्या वेळेत अभियांत्रिकी पदवी घेण्याची वाट दिली. महाराष्ट्रात स्वतंत्र राज्य कौशल्य विद्यापीठ आहे, त्याला २०२४ मध्ये रतन टाटा यांचे नाव देण्यात आले. म्हणजे दार उघडले आहे. आत गेल्यावर जिना आहे की नाही, हे पाहायचे आहे.

बाबासाहेबांनी दोन्ही मागितले होते

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन व्हाईसरॉयला दिले. कला आणि कायद्याच्या पदव्यांपेक्षा विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण आपल्या समाजाला अधिक उपयोगाचे आहे, पण त्याचा खर्च आपल्या मुलांना झेपणारा नाही, असे त्यांनी मांडले. देशातील अशा शिक्षणासाठी दरवर्षी २ लाख रुपये आणि परदेशातील शिक्षणासाठी १ लाख रुपये शिष्यवृत्तीची मागणी केली. त्याच निवेदनात सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, अशीही मागणी होती. आज आपली मुले जी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेतात, ती योजना १९४४ पासून सुरू आहे.

हे नीट लक्षात घेतले पाहिजे. बाबासाहेबांनी कारखान्यातले काम कमी मानले नाही. पण आपल्या मुलांना कारखाना आणि इतरांना विद्यापीठ, अशी वाटणीही मान्य केली नाही. दोन्ही मागितले. जात ही कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्येच सांगितले होते. हाताने काम करणारा खाली आणि ठरवणारा वर, ही उतरंड पदव्यांच्या नावाने पुन्हा उभी राहत असेल तर गप्प बसून चालणार नाही.

अडचण कुठे आहे?

पहिली अडचण पदवीच्या नावाची. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो अशा स्पर्धा परीक्षांना मान्यताप्राप्त विद्यापीठाची बी.व्होक. चालते. पण अभियांत्रिकी सेवेच्या पदांना ठरावीक शाखेची अभियांत्रिकी पदवीच लागते. नाव मिळतेजुळते असून भागत नाही. एम.टेक.चा प्रवेशही याच मुद्द्यावर अडू शकतो.

मान्यतेकडे दुर्लक्ष केल्याची किंमत काय असते, हे देशाने पाहिले आहे. काही अभिमत विद्यापीठांनी मंजुरी नसताना दूरशिक्षणातून अभियांत्रिकीच्या पदव्या वाटल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांविरुद्ध निकाल दिला. नोकरी सांभाळून, पोटाला चिमटा काढून पदवी घेतलेल्या लोकांना त्याचा फटका बसला. चूक संस्थांची होती, भोगले विद्यार्थ्यांनी.

दुसरी अडचण पैशाची. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप कॅप फेरीतून झालेल्या प्रवेशाला मिळते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की ती जाते. हे न सांगता ‘आधी प्रवेश घ्या, फॉर्मचे नंतर बघू’ म्हणणारे एजंट प्रत्येक शहरात आहेत. शिवाय शिष्यवृत्तीतील केंद्राचा ६० टक्के हिस्सा विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतो. तो उशिरा आला की कॉलेज विद्यार्थ्याच्या मागे लागते, परीक्षेचा फॉर्म अडवते. माहितीपत्रकात यातले काहीच नसते.

तिसरी अडचण आरक्षणाची. ९३ व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) आले आणि खासगी शिक्षणसंस्थांतही आरक्षण देण्याचा अधिकार शासनाला मिळाला. विनाअनुदानित संस्थांबाबतही ही तरतूद वैध असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. तरीही सर्व खासगी संस्थांना लागू होणारा केंद्रीय कायदा झालेला नाही. उद्योगांशी करार करून चालणाऱ्या या पदव्या अशा खासगी संस्थांत वाढत गेल्या, तर आरक्षण न मोडताच त्याचे क्षेत्र आकसत जाईल.

चौथी अडचण अप्रेंटिसशिपची. १९६१ च्या कायद्यानुसार अप्रेंटिस हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. कामगारांचे बहुतेक कायदे त्याला लागू नाहीत. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे बंधन कंपनीवर नाही. २०१९ च्या नियमांनी पदवीधर अप्रेंटिसला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवले. पुण्यात खोली, मेस आणि बस यांतच ते संपते. चांगल्या कंपनीत मुलगा खरोखर शिकतो. वाईट कंपनीत तो स्वस्तातला मजूर होतो, आणि त्याच्या जागी पुढच्या वर्षी दुसरा येतो. याच कायद्यात निर्दिष्ट ट्रेडमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवण्याची तरतूद आहे. आपल्या किती संघटना तिचा पाठपुरावा करतात?

प्रवेशापूर्वी विचारायचे प्रश्न

आमची तरुणांना विनंती आहे, सही करण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी घ्या :

- पदवी कोणत्या विद्यापीठाची? अभ्यासक्रमाला लागणारी यूजीसी किंवा एआयसीटीईची मान्यता याच वर्षासाठी आहे का?
- गुणपत्रिकेवर आणि पदवीवर नेमके कोणते नाव येणार?
- या पदवीनंतर एम.टेक., एमबीए किंवा थेट द्वितीय वर्षाला प्रवेश मिळतो का?
- प्रवेश कॅपमधून आहे का? महाडीबीटीवर हे कॉलेज आणि हा अभ्यासक्रम दिसतो का?
- कोणत्या कंपनीशी करार आहे, विद्यावेतन किती, आणि मागच्या तुकडीतले विद्यार्थी आज कुठे आहेत?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर संस्थेकडून घेऊ नका, त्या विद्यार्थ्यांना गाठून विचारा.

समाजाने काय करायचे?

शासनाकडे मागण्या स्पष्ट हव्यात. या अभ्यासक्रमांना शिष्यवृत्ती पूर्ण आणि वेळेवर मिळावी. खासगी संस्थांसाठी कलम १५(५) चा कायदा व्हावा. अप्रेंटिसच्या राखीव जागा किती भरल्या, हे दरवर्षी जाहीर व्हावे. आणि उपयोजित पदवीतून मुख्य अभियांत्रिकीत जाण्याचा रस्ता नियमात लिहिला जावा.

पण सगळे शासनावर सोडून भागणार नाही. दर जून-जुलैत विहारात दोन रविवार प्रवेश मार्गदर्शनाला द्यावेत. समाजातले अभियंते, कारखान्यातले सुपरवायझर आणि समाजकल्याणच्या योजना माहीत असलेले कार्यकर्ते एका टेबलावर बसले, तरी अनेक मुलांचे वर्ष आणि पैसे वाचतील. शीलासोबत प्रज्ञा सांगणारा आपला धम्म आहे. कालामांना भगवंतांनी कोणी सांगितले म्हणून मान्य करू नका, तपासून पाहा, असे सांगितले. रंगीत माहितीपत्रकालाही तोच नियम लावा.

आपल्या मुलाने यंत्र जरूर हाताळावे. त्या यंत्राबद्दलचा निर्णय जिथे होतो, त्या टेबलावरही त्याची खुर्ची असली पाहिजे.

जय भीम, नमो बुद्धाय.