जंतनाशकाआधी कृमीचा वर्ग ओळखावा

पशुधनाच्या आरोग्यनोंदीत ‘जंतनाशक दिले’ एवढेच लिहिण्याची पद्धत रूढ आहे. मावा आणि खोडकिडा यांवर एकच उपाय कोणताही कृषिविस्तारक सुचविणार नाही. मग जनावरांतील सर्व कृमी ‘जंत’ या एकाच नावाखाली का मोजावेत?

गोल कृमी आणि चपटे कृमी हे प्राणिसृष्टीतील दोन स्वतंत्र संघ आहेत. चपट्या कृमींच्या शरीरात देहगुहा नसते. त्यांतील दोन परजीवी वर्ग पशुपालकांच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पट्टकृमींना तोंड व आतडे नसते. ते अन्नरस त्वचेतूनच शोषतात. वासरे व मेंढ्यांतील मोनिझिया हा पट्टकृमी कुरणाच्या मातीतील सूक्ष्म कोळींमार्फत पसरतो. पर्णकृमींना मात्र चूषके व आतडे असते आणि गोगलगायीवाचून त्यांचे जीवनचक्र पूर्ण होत नाही. यकृतातील फॅसिओला लिम्निया गोगलगायीत वाढतो, तर गुरांना घोरावयास लावणारा नाकातील शिस्टोसोमा इंडोप्लॅनॉर्बिस गोगलगायीत वाढतो.

शिस्टोसोमा रक्तवाहिन्यांत राहतो आणि इतर बहुतेक पर्णकृमींप्रमाणे उभयलिंगी नसतो. त्याचे डिंभक पाण्यातून थेट त्वचेत शिरतात. डबक्यात उतरणाऱ्या माणसालाही त्यामुळे खाज सुटते. जबलपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सी. अग्रवाल यांनी या कृमींचा प्रदीर्घ अभ्यास केला. दक्षिण आशियातील शिस्टोसोमांवरील त्यांचा ग्रंथ २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. नर्मदेच्या खोऱ्यातील हे ज्ञान गोठ्यापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

वर्ग न ओळखल्याची किंमत पशुपालकच मोजतो. गोल कृमींवर गुणकारी असलेले आयव्हरमेक्टिन पर्णकृमी व पट्टकृमींवर निष्प्रभ ठरते. ट्रायक्लाबेंडाझोल फॅसिओलाच्या अपक्व अवस्थाही मारते, परंतु पोटातील अँफिस्टोमवर चालत नाही. तेथे ऑक्सिक्लोझानाइड उपयोगी पडते. पट्टकृमी व शिस्टोसोमासाठी प्राझिक्वाँटेल हे औषध आहे.

प्रत्येक गावी प्रयोगशाळा नाही, हा आक्षेप खरा आहे. तथापि पर्णकृमींची अंडी जड असल्याने शेण पाण्यात कालवून, गाळून, तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास ती आढळतात. एवढी तपासणी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होऊ शकते. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी नोंदवहीत औषधाच्या नावाबरोबर कृमीचा वर्ग आणि पाणवठ्यावर आढळलेली गोगलगाय या दोन बाबी अवश्य लिहाव्यात. पाणथळ कडेला चराई टाळणे व गुरांना हौदातील स्वच्छ पाणी पाजणे, हे उपाय त्या नोंदीतूनच सुचतील.