पाटी पुसण्यापूर्वीं

हल्लीं पुष्कळ घरांतून संगणकांतील जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागीं एसएसडी बसविण्याची चाल पडली आहे. जुन्या डिस्कमध्यें तबकडी गरगर फिरत असे; या नव्या साधनांत हलणारें असें कांहींच नाहीं. सूक्ष्म कप्प्यांत विद्युद्भार कोंडून त्यांतच सर्व मजकूर राखिला जातो, आणि म्हणूनच तिचा वेग एवढा मोठा आहे. तथापि साधन पालटलें कीं त्याचा स्वभावहि पालटतो. तो न ओळखतां तिच्यावर फाइल सिस्टीम घालावयास बसणें घराच्या ठेव्यास बाधक होऊं शकतें. म्हणून आज त्या स्वभावाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

फ्लॅश स्मृतीचे जनक जपानी इंजिनियर फुजिओ मासुओका होत. तोशिबा कंपनींतील त्यांच्या कार्यांतून निघालेला 'नॅन्ड' हा प्रकार १९८७ सालीं जगापुढें आला, व आजच्या एसएसडी त्यावरच उभ्या आहेत. त्याची रीत शाळेंतल्या पाट्यांच्या दृष्टांतानें चटकन ध्यानांत येईल. समजा, एका वर्गांत असंख्य पाट्या मांडल्या आहेत. कोऱ्या पाटीवर एकेक ओळ लिहितां येते. परंतु पुसतांना तेवढीच ओळ पुसतां येत नाहीं, सबंध पाटी पुसावी लागते. शिवाय प्रत्येक पाटीस पुसणें सोसण्याची मर्यादा असते. म्हणून एसएसडीच्या आंत एक नियंत्रक बसविलेला असतो. तो दक्ष पंतोजीप्रमाणें कोणती पाटी किती झिजली हें पाहून लेखनाचा भार सर्वांवर सारखा वांटतो.

फाइल सिस्टीम ही या वर्गाची नोंदवही. कोणतें छायाचित्र कोठें, कोणतें पत्र कोठें, हें तींत लिहिलेलें असतें. आपण एखादी फाइल काढून टाकतों तेव्हां खोडली जाते ती केवळ वहींतील नोंद. नियंत्रकास त्याची वार्ता नसते, व तो निरुपयोगी ओळीहि जपून या पाटीवरून त्या पाटीवर उतरवीत बसतो. हा व्यर्थ व्याप टाळण्यासाठीं 'ट्रिम' नांवाची सूचना निघाली. विंडोजमध्यें ती २००९ सालच्या सातव्या आवृत्तींत व लिनक्समध्यें २०१० सालच्या २.६.३३ या आवृत्तींत आली. अमुक ओळींचें आतां काम उरलें नाहीं, असें तिच्यायोगें कळतांच नियंत्रक सवडीनें त्या पाट्या पुसतो.

सावधगिरीचें मर्म येथेंच आहे. हार्ड डिस्क चुकून फॉरमॅट झाली तर वही जाई, पण मजकूर तबकडीवर राही, आणि जाणता मनुष्य त्यांतील पुष्कळसा परत मिळवी. तोच भरंवसा मनांत धरून एसएसडीकडे पाहूं नये. लिनक्समध्यें ईएक्सटी ४ ही फाइल सिस्टीम घालणारी आज्ञा, साधन मान्य करीत असल्यास, आरंभींच साऱ्या विभागावर ट्रिम पाठविते. तेथें भलत्याच विभागाचें नांव लिहिलें गेलें तर आजोबांचीं हस्तलिखितें, मुंजीचीं छायाचित्रें, घराचे दस्तऐवज हीं क्षणार्धांत गेलीं म्हणून समजावें.

तेव्हां आमच्या मतें क्रम असा ठेवावा. प्रथम जुना ठेवा दुसऱ्या साधनावर उतरवून घ्यावा व त्यांतील चार फाइली उघडून पाहाव्या. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे. दुसरें, ज्या साधनावर काम करावयाचें त्याची क्षमता व मॉडेल पडद्यावर वाचून खात्री करावी. 'एसडीए', 'एसडीबी' हीं नांवें संगणक पुन्हां चालू केल्यावर बदलूं शकतात. तिसरें, जीपीटी पद्धतीची विभागणी करावी. पहिला विभाग १ एमबीच्या मापावर सुरू झाला म्हणजे लेखन आंतल्या मांडणीशीं नीट जुळतें. आजचे प्रोग्रॅम हें आपण होऊन करितात. चौथें, घरीं केवळ लिनक्स असेल तर ईएक्सटी ४, विंडोज असेल तर एनटीएफएस, आणि दोहोंकडे न्यावयाची असेल तर एक्सफॅट घालावी. पांचवें, ट्रिम आठवड्यांतून एकदां चालेल अशी व्यवस्था पुरेशी आहे. जुन्या संवयीनें डीफ्रॅगमेंट मात्र करूं नये, त्यानें पाट्या विनाकारण झिजतात.

आणखी एक. एसएसडी ही पेटींतील दस्तऐवजाप्रमाणें वर्षानुवर्षें कपाटांत बंद ठेवण्याची वस्तु नव्हे. वीज न मिळाल्यास कोंडलेला विद्युद्भार हळूहळू गळतो. जेडेक संस्थेच्या मानकाप्रमाणें, आयुष्यमर्यादा गांठलेल्या घरगुती एसएसडीनें ३० अंश सेल्सिअस उष्णमानांत विजेवांचून एक वर्ष मजकूर राखिला म्हणजे पुरें. आणि आपल्याकडील उन्हाळा त्याहून कडक. यास्तव ठेव्याची दुसरी प्रत अन्यत्र असलीच पाहिजे.

घरांतील ठेवा कोणता, तें वडीलधाऱ्यांनीं ठरवावें. आज्ञा तरुणांनीं लिहाव्या. आणि शेवटची कळ दाबण्यापूर्वीं पडद्यावरील नांव दोघांनीं मिळून मोठ्यानें वाचावें.