भस्माचा गुण

गेल्या महिन्यांत आमच्या पुतण्याची जुनी पेट्रोलवरची मोटार चढावर दम टाकूं लागली. चिंचवडच्या एका कारागिरानें निदान केलें कीं, धुराच्या नळींतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला आहे, तो आंतून फोडून रिकामा करावा. धूरतपासणीचा दाखला मी आणून देईन. पुतण्या चाकणला मोटारींच्याच कारखान्यांत नोकरीस. (फिरंगोजी नरसाळ्यानें १६६० सालीं लढविलेल्या किल्ल्याचें गांव म्हणून आम्ही चाकण शिकवीत असूं, आज तें मोटारींचें झालें आहे.) तरी तो मला विचारावयास आला, तो घरांतील वडील माणूस म्हणून, यंत्रज्ञ म्हणून नव्हे. मीं आठ दिवसांची मुदत मागितली आणि वाचूं लागलों.

त्या डब्यांत चिनी मातीसारख्या पदार्थाचा, मधाच्या पोळ्याप्रमाणें छिद्रमय असा ठोकळा असतो. त्याच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचे सूक्ष्म कण व धातूंच्या ऑक्साइडांची पूड यांचा लेप. ऑक्साइड म्हणजे वैद्यांच्या भाषेंत बहुधा भस्मच. पाण्यावर तरंगेल तें ‘वारितर’, बोटाच्या रेषांत भरून राहील तें ‘रेखापूर्ण’, या रसशास्त्रांतल्या परीक्षा बारीकपणाच्या होत. आधुनिकांचें तेवढ्यानें भागत नाहीं.

त्या पुडींतला एक महत्त्वाचा धातु सीरियम. ऑक्सिजनशीं जडतांना याचा अणु कधीं चार इलेक्ट्रॉन देतो, कधीं तीनच. चारांच्या स्थितींत पूड फिकट पिवळी असते. तिच्यांतला ऑक्सिजन काढून घेतला म्हणजे कांहीं अणु तिनांवर येतात, अशा दर दोन अणूंमागें स्फटिकांत ऑक्सिजनची एक जागा रिकामी पडते, आणि पूड निळसर काळी होते. या रिकाम्या जागेस शास्त्रज्ञ ‘दोष’ म्हणतात. नांव दोषाचें, पण सारें काम त्याच्यावर!

पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. इंजिनांत हें प्रमाण क्षणोक्षणीं थोडें खालींवर होत असतें. हवा कमी पडली कीं, पूड आपल्या सांठ्यांतला ऑक्सिजन देते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइडाचा कार्बन डायऑक्साइड होतो. हवा जास्त झाली कीं, ती रिकाम्या जागा पुन्हां भरून घेते. घरांतल्या कणगीसारखाच हा व्यवहार.

नुसत्या सीरियमची पूड मात्र पृष्ठभागावरचाच ऑक्सिजन सहज सोडते, शिवाय तापून तिचे कण एकमेकांस चिकटतात. म्हणून तींत झिर्कोनियम घालतात. त्याचा अणु लहान, त्यामुळें स्फटिकाची बांधणी ताणली जाते, आंतला ऑक्सिजनही हलूं लागतो आणि पूड आंचेस टिकते. परंतु मिश्रण एकजीव हवें. भट्टीची आंच व तींतली हवा दोन्ही संभाळावीं लागतात. आमचा कुंभार एकाच मातीचीं भांडीं मोकळ्या हवेंत लाल आणि धूर कोंडून काळीं काढतो, तेथेंही कांहीं अंशीं लोहाची अशीच स्थिति पालटलेली असते.

आपल्याकडे चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा १९९५ सालीं सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२० पासून देशभर नियम फारच कडक झाले.

मुदत संपल्यावर गाडी दुसऱ्या कारागिराकडे नेली. एक स्पार्क प्लग निकामी होता. न जळलेलें पेट्रोल डब्यांत जाऊन पेटे, आणि त्या आंचेनें पोळ्याचा एक भाग वितळून वाट बुजली होती. प्लग स्वस्त, डबा महाग. सूनबाईंनीं दिवाळीची खरेदी पुढें ढकलली व नवा डबा बसविला. जुना वितळका डबा मोडींत दिला, तेव्हां आंतल्या प्लॅटिनमादि धातूंमुळें त्याचे बरेच पैसे हातीं आले. पहिल्या कारागिराला तो फुकट रिकामा करून देण्याची एवढी घाई कां होती, हें पुतण्याला तेव्हां उमगलें.