सरकारी वकिलांची पगारवाढ : कायदा कुणासाठी हवा?

धार असो की देवास, आपल्या समाजातल्या कितीतरी घरांचा कोर्ट-कचेरीशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध आहे. तरीही सरकारी वकिलाला काय मिळते आणि ते कोण ठरवतो, हा विषय आपल्या बोलण्यात क्वचितच येतो. खरे तर फौजदारी खटल्यात पीडिताची बाजू मांडणारा हाच माणूस असतो.

मध्य प्रदेशात हे वकील दोन प्रकारचे आहेत. मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात उभे राहणारे एडीपीओ राज्य लोकसेवा आयोगामार्फत निवडले जातात आणि त्यांना नियमित पगार असतो. सेशन्स कोर्टातले शासकीय अभिभाषक मात्र बहुधा बारमधून ठराविक मुदतीसाठी नेमले जातात. त्यांना मिळते ती शासनाच्या आदेशाने ठरलेली फी. म्हणजे फक्त ‘पगार’ वाढवला, तर खुनासारखे खटले चालवणारे पुष्कळसे वकील त्या वाढीबाहेरच राहतील.

हे विधानसभेच्या हातात नाही, असेही नाही. 1995 मध्ये मध्य प्रदेश विधानसभेने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 मध्ये दुरुस्ती केली आणि जिल्ह्याचे सरकारी वकील नियमित केडरबाहेरून, म्हणजे सात वर्षे वकिली केलेल्यांतून नेमण्याची मोकळीक सरकारला दिली. नेमणुकीसाठी कायदा होऊ शकतो, तर मोबदल्यासाठी का नको?

त्याच वर्षी शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सहायक सरकारी वकिलांना पोलीस खात्याच्या ताब्यातून बाहेर काढायला सांगितले. 2022 मध्ये त्याच न्यायालयाने कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशांचे सुरुवातीचे मूळ वेतन 77,840 रुपये करण्याची शिफारस मान्य केली. न्यायाधीशांसाठी वेतन आयोग बसतो; त्याच कोर्टात समोर उभ्या असलेल्या सरकारी वकिलासाठी तशी सोय नाही.

याचा फटका गरिबाला बसतो. 2008 च्या दुरुस्तीने पीडिताला, कोर्टाच्या परवानगीने, सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो. ऐपत असलेला तो देतो. कुक्षी किंवा बागलीकडच्या मजुराची सगळी भिस्त मात्र सरकारी वकिलावरच असते. तो वकील तुटपुंज्या फीमुळे खासगी कामांत गुंतलेला असेल, तर साक्षीदाराची तयारी कोण करणार?

केवळ पैसे वाढवून भागणार नाही, हेही आम्हांला मान्य आहे. शिफारशीने नेमलेला वकील जास्त फी घेऊनही शिफारसकर्त्याचाच राहील. म्हणून कायद्यात तीन गोष्टी एकत्र हव्यात: केडरची वेतनश्रेणी, अभिभाषकांच्या फीचा ठराविक मुदतीने फेरविचार, आणि गुणवत्तेवर निवड.

आपल्यात वकिली करणारे सभासद आहेत, निवृत्त न्यायिक कर्मचारीही आहेत. त्यांनी अनुभवाच्या आधारे एक निवेदन तयार करावे आणि आपण सर्वांनी ते दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांकडे न्यावे, असे आम्हांला वाटते.