पेट्रोलच्या नळीत जुगाड नको!

'जुगाड' या शब्दाचं आपल्याला भारी कौतुक! मी कॉन्व्हेंटची, माझं मराठी कधीकधी अडखळतं. पण हा शब्द फर्स्ट इयरच्या पहिल्याच आठवड्यात पाठ झाला. तरीही एका ठिकाणी माझा जुगाडाला ठाम विरोध आहे. ते ठिकाण म्हणजे जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या ट्रकची पेट्रोलची नळी.

"पेट्रोलचे ट्रक आता कुठे?" असं तुम्ही म्हणाल. पण शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला, पुढे कुर्ल्याला प्रीमियरने डॉज आणि फार्गो ट्रक जोडले. हौशी मंडळी जुन्या गाड्या आजही जपतात. अमेरिकेत तर १९७०च्या दशकातले शेवरोले पिकअप घरी दुरुस्त करणं हा अनेकांचा छंदच आहे.

या इंजिनात पंपाचा दाब जेमतेम ४ ते ७ पीएसआय. म्हणून लोकांना वाटतं, एवढ्याशा दाबाला कुठलीही नळी चालेल. इथेच घोळ होतो! प्रश्न दाबाचा नाहीच. तो थरथरीचा, उष्णतेचा आणि गळतीचा आहे.

तांब्याची नळी हाताने वाकते, म्हणून मोह होतो. पण सतत थरथरून तांबं कडक होतं आणि फ्लेअरजवळ तडकतं. 'वर्क हार्डनिंग'वर आपण पेपरात पानभर लिहितो, ते हेच! स्टेनलेस गंजत नाही, पण त्याची डबल फ्लेअर करताना कड चिरते. त्याला ३७ अंशांची सिंगल फ्लेअर आणि तसेच नट लागतात. माझं मत कोटिंग केलेल्या साध्या स्टीलला. ४५ अंशांची डबल फ्लेअर नीट बसते आणि नळी वर्षानुवर्षं टिकते. व्यास मूळ नळीइतकाच ठेवावा, मोठ्या व्ही-८ला बहुधा ३/८ इंच. बारीक नळी टाकली तर घाट चढताना कार्ब्युरेटरचं फ्लोट चेंबर रिकामं पडू लागतं.

बसवतानाही घाई नको. नळी हॅकसॉने नाही, ट्यूब कटरने कापायची, आतली बर काढायची आणि बसवण्याआधी धुऊन घ्यायची. का? धातूचा एक कण नीडल व्हॉल्व्हमध्ये अडकला, तर पेट्रोल ओसंडून तापलेल्या इंजिनावर सांडतं. पुढचं सांगायला नको. नळी एक्झॉस्टपासून लांब न्यायची, नाहीतर आत पेट्रोलची वाफ होऊन गाडी भर उन्हात बंद. फूट-दीड फुटावर क्लिप हवीच.

रबर अजिबात नको, असं नाही. इंजिन माउंटिंगवर हलतं, चॅसी हलत नाही. त्यामुळे दोघांमध्ये छोटा लवचिक तुकडा लागतोच. तिथे धातूच्या टोकाला उंचवटा काढायचा, म्हणजे क्लॅम्पमधून होज निसटत नाही. आणि होज इथेनॉल चालणारा घ्यायचा. २०२३ पासून पंपांवर ई-२० येऊ लागलं, जुन्या जातीचं रबर त्यात फुगतं.

कुणी विचारेल, आडरानात गाडी अडकली तर? मग लावा की रबराचा तुकडा, घरी पोचा! माझी तक्रार त्यावर नाही. घरी पोचल्यावर तोच तुकडा 'रिपेअर झाली' म्हणून चार वर्षं तसाच ठेवतात, त्यावर आहे.

आणि थोडी तक्रार आपल्या अभ्यासाचीही. कार्ब्युरेटरची आकृती दहा मार्कांना हमखास, पण त्याच्यापर्यंत पेट्रोल नेणाऱ्या नळीला अर्धा मार्क नाही. फिटिंगच्या जॉबला लोखंडाचा चौकोन घासून आपण हाताला फोड आणतोच ना? मग त्याच वर्कशॉपमध्ये प्रत्येकाने एक डबल फ्लेअर करावी आणि हवेच्या दाबाखाली साबणाच्या पाण्यात बुडवून तपासावी. बुडबुडा आला की जॉब परत! एका दुपारचं काम आहे. सरांनी मनावर घ्यावं, एवढीच विनंती.